पन्नासास एक

ब्रेकनला काल वाऱ्यानं अ‍ॅशचं झाड आडवं केलं,
बुंधा माझ्या दारात, शेंडा एम्रिसच्या कुंपणावर.
करवत मागायला गेले
तर आधी रिकामा कॅन दिला हातात.

पाच लिटरला शंभर मिली. अंदाजपंचे चालत नाही.
मी तर आमटीत मीठही मोजत नाही.
हिरव्या तेलाचा थेंब त्यानं नखावर धरला:
कमी पडलं तर पिस्टन धरतो,
जास्त झालं तर नुसता धूर.

कॅन हलवता हलवता म्हणाला,
जुन्या यंत्राला पंचविसास एक लागायचं.
ग्लेनिसला तो वास खपत नसे,
कोट बाहेर पोर्चमध्येच काढायला लावायची.

अजून तिथंच काढतो तो.

मी झाकण आवळलं,
चिकटपट्टीवर तारीख घातली, सवयीनं मराठी आकड्यांत.
महिन्याभरात संपव, म्हणाला,
शिळं होतं हे.