रस्त्यापलीकडून

बॅनर तयार होता. सातव्यांदा.
फाइलचं नाव : शेवटचा_खरंच_शेवटचा.
डावीकडं गुळाची ढेप, उजवीकडं उसाचा फड,
मधून उगवणारा सूर्य, सूर्याच्या पोटात पेढीचं नाव,
आणि खाली बटण : आत्ताच मागवा.

शाहूपुरीच्या पेढीवर खोतशेठ म्हणाले,
"छान आहे. पण काहीतरी कमी आहे."
काय, ते सांगता येईना.
पंजा हवेत उघडला, मिटला.
"जरा... उठाव पाहिजे."

रात्रभर मी उठाव शोधला.
सूर्याला किरणं वाढवली. नावाला सावली दिली,
सावलीला आणखी एक सावली.

सकाळी लॅपटॉप काखेत मारून
गंगावेशीत बाबालाल पेंटरांकडं गेले.
चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या कपाळांवर नावं लिहिली.
फ्लेक्स आला त्या साली ब्रश रॉकेलात उभे केले.
रॉकेल उडून गेलं. ब्रश अजून डब्यात उभेच आहेत.

चष्मा पुसला नाही, जवळ आले नाहीत.
म्हणाले, "उंबऱ्यावर धर."
आणि चपला सरकवून, रस्ता ओलांडून
समोरच्या पानपट्टीच्या फळीला टेकले.

मी उंबऱ्यात, छातीशी लॅपटॉप,
बाईंना पाटी दाखवावी तशी.
मधून रिक्षा गेली. कॅन लटकवलेली मोटारसायकल गेली.
धार काढून परतणारी एक म्हैस
बॅनरसमोर थांबली, बघून पुढं गेली.
"बघ!" पलीकडनं आवाज आला,
"तिला बी कळंना कशाचं दुकान हाय!"

मग परत आले, बसले, चहा बशीत ओतला.

"सूर्य काढ.
गूळ विकालीस का दिवस?
सावल्या काढ. नाव हाय ते, भूत न्हवं.
बटण हाय म्हणतीस, ते पलीकडनं दिसलंच न्हाई,
मग दाबायचं कुणी?
आन् त्यो गूळ..."

इथं थांबले. बशी संपवली.

"इतका पिवळा गूळ मी बघितलाय.
पावडर मारलेला.
काहिलीत भेंडीचा रस पडला, मळी वर आली, काढली,
की मग जो रंग येतो, त्यो असा बोंबलत न्हाई.
चिंचेच्या वाळल्या टरफलावर ऊन पडल्यावर बघ.
तसा. जवळपास तसा."

मी वहीत लिहीत होते : चिंच, टरफल, ऊन.
त्यांचं बोट स्क्रीनवर, एकाच जागी.

"आन् ह्यो ळ.
ह्याचं दुसरं पोट दबलंय.
गुळाच्या पेढीवर ळ उपाशी?"

बोट चहात बुडवून शहाबादी फरशीवर
एका दमात काढला :
एक वळसा, दुसरा वळसा, दोन्ही भरलेले,
मधे श्वास घ्यायला जागा.
मी मोबाइल काढेपर्यंत कडा वाळायला लागल्या
आणि गोडाच्या वासानं
एक मुंगी त्याच्यावरून चालायला लागली,
बरोबर वळणावर वळत.

आठवा बॅनर.
खोतशेठ बराच वेळ बघत राहिले.
"गूळ काळा दिसतोय. गिऱ्हाईक पिवळा मागतं."
मी विचारलं, "तुमच्या घरी कुठला खातात?"
त्यांनी हमालाला उगाचच हाक मारली.
पावतीबुकाची पानं उलटली.
"बटण अजून मोठं करा," म्हणाले.
रंगाचं पुन्हा काढलं नाही.
ळ तर त्यांना दिसलाच नाही.

काल रात्री मोबाइल खिडकीच्या कठड्यावर उभा केला
आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं.
अंगठ्याएवढा बॅनर.
नाव वाचता येत नव्हतं, ढेप म्हणजे एक ठिपका,
पण जेवून उठल्यासारखा
ळ तेवढा बसला होता.