डोंगर, पाणी, वादी

सकाळचे साडेसात. रुवीतल्या आमच्या बालवाडीच्या अंगणात
जाळीची सावली अजून अर्धा तास टिकेल.
मग ऊन फरशीवर उतरेल, तळपाय पोळतील, आत पळावं लागेल.
तेवढ्यात चौदा मुलांना
उडी मारायला शिकवायचंय, आणि उडीआधी थांबायला.

माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत.
हालचाल. आकलन.
मधली रेघ छापखान्यानेच मारून दिलीय.

मी फरशीवर माझी रेघ मारते, खडूने.
अलीकडे निळं: पाणी.
पलीकडे डोंगर, तपकिरी खडू हरवल्यामुळे जांभळा.
अचलपूरच्या गल्लीत आम्हाला खडू लागत नसे,
ओटे डोंगर होते आणि रस्ता पाणी;
नळाला तिसऱ्या दिवशी येणारं पाणी
खेळात मात्र रोज संध्याकाळी, दुथडी भरून.
इथे डोंगर मानावाही लागत नाही. कुंपणावरून बघावं,
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा उभा असतो,
आणि त्याच्या पाठीमागे, मत्राहला, समुद्र.

डोंगर! धप्प.
पाणी! धप्प.
डोंगर! जिबिन पाण्यातच राहतो, बुडून दाखवतो मजेत.
पाणी! धप्प.
पाणी!
सवयीने पलीकडे गेलेले सात जण
आपापल्या पायांकडे बघत राहतात.
पाय त्यांना न विचारता निघाले होते.

ते बघणं मला फार आवडतं.
त्यासाठी तक्त्यात जागा नाही.

मग उलटं. डोंगर म्हटलं की पाण्यात जायचं.
हमदची जीभ ओठांबाहेर येते, डावीकडे वळते,
तो जाणार असतो त्याच बाजूला, त्याच्याआधी.
मिशेलचे गुडघे वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात.
डोकं चालतं तेव्हा कुठकुठून चालतं!

झुवैना मात्र रोज शेवटची.
सगळे उतरून उभे राहिले की तिची उडी निघते.
तिच्या नावापुढे ऑक्टोबरात मीच लिहिलंय:
प्रतिसाद संथ.
शाई माझी, अक्षर माझं, घाईही माझीच.

गुरुवारी हाक मुलांनी द्यायची असते.
आज हमद. छाती फुगवून तो ओरडतो: वादी!

माझ्या कानाला आधी वाडी ऐकू येते, चार घरं, एक विहीर.
मग उमगतं, ही इथली नदी.
डोंगरातून उतरलेली नुसत्या गोट्यांची नदी,
वर्षातून एखादा दिवस खरी होते
आणि त्या दिवशी मोटारी वाहून नेते.

तेरा मुलं जागच्या जागी.
हा नियम नव्हता, बाई! असं तेरा चेहऱ्यांवर.
कुणी रेघेवर बसतं, कुणी हमदला ढकलतं,
जिबिन सवयीने बुडतो.

झुवैना उभी. नेहमीसारखी.
डोंगराकडे बघते, पाण्याकडे बघते,
घाई नाही, आज कुणी तिच्यापुढे गेलेलंच नाही.
मग एक पाय डोंगरावर ठेवते
आणि दुसरा उचलते, पाण्यावर, अधांतरी.

ठेव की खाली, मी म्हणते.
ती मान हलवते. अरबीत सांगते,
मला चार शब्द कळतात, बाकीचं तो पाय सांगतो:
वादी कोरडी आहे.
पाणी आलं की ठेवीन.

दंडापर्यंत थरथरतेय पोर. भुवया जवळ आलेल्या.
घोटा डगमगतो, हात पसरतात, सावरते.
कुणीतरी आकडे मोजू लागतं, अकरानंतर चुकतं,
पुन्हा सातपासून.

तक्ता माझ्या काखेत. पेन कुठे गेलं कोण जाणे.

आणि मुजीबूर येतो, बादली घेऊन, रोजच्या वेळेला.
ऊन कोपऱ्यावर आलंय, त्याला फरशी धुवायचीय,
आमचा खेळ त्याने पाहिलेला नाही.
बादली कलंडते. पाणी जांभळ्या डोंगरावरून येतं,
रेघ ओलांडतं, निळ्यात मिसळतं,
मुलं किंचाळत बाजूला होतात.

झुवैना वाट बघते, बोटांखाली ओल येईपर्यंत.
आणि पाय टेकवते.