शेरा

वहीत पाच रकाने: तारीख, वेळ, चारी, फूट-इंच,
आणि कडेचा अरुंद, शेरा.
बारा वर्षं पाटकरी आहे. शेरा कोराच ठेवत आलो.
पाण्याला काय शेरा द्यायचा?

बैठक पॅकहाऊसमध्ये झाली, द्राक्षांच्या क्रेटवर बसून.
हेडचे रंगनाथ पेखळे, अकरा एकर थॉमसन.
वाइनरीचा मॅनेजर, नाशिकहून कॉलेज रोडची धूळ
काचेवर घेऊन आलेला.
टेलच्या यमुनाबाई गावित दाराशी उभ्या.
क्रेट पुढे केला तर म्हणाल्या,
"बसले की बोलायचं राहून जातं माझं."

धरणात उरलेला आकडा मी वाचला.
दलघफू. हा शब्द उच्चारला
की दाताखाली खडा येतो.
मग सगळे एकदम बोलले, दीड तास,
आणि कुणीतरी म्हणालं, ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय.

"मुरतंय की," मी म्हणालो, "सातव्या किलोमीटरला.
भगदाड आहे. शंभरातलं एकतीस तिथंच जातं.
फेब्रुवारीत तीनदा मोजलं."

पंख्याचा आवाज ऐकू आला तेवढा वेळ.

वाइनरीनं पोकलेन दिला, तीन दिवस.
डिझेलवरून पुन्हा भांडण.
टाक्या धुतलेलं पाणी गाळून रोपवाटिकेला,
त्याला आंबूस वास येतो, असं दोघं म्हणाले,
रोपं काही म्हणाली नाहीत.
दुरुस्तीला टेलची माणसं आली, घमेली घेऊन,
आणि हेडचीही, थोडी उशिरा.
आणि ठरलं: आवर्तन शेपटाकडून.
आधी शेवटची चारी, मग उलटं वर.

रात्री गेट उघडलं.
बॅटरी घेऊन पाण्याबरोबर चालत निघालो.
पेखळे मागे. स्वतःच्या बंद गेटाशी
थांबले, बिडी पेटवली, विझवली, पुन्हा चालू लागले.
कोरड्या पाटात पाणी पळत नाही.
आधी भेगा पितात, मग बिळं,
मग ते दोन पावलं पुढं येतं
पाचोळा, फेस, एक डावी चप्पल पुढं ढकलत.

उजाडता टेलला पोचलो.
नऊ वर्षं पाणी नव्हतं, म्हणून चारीत
यमुनाबाईंनी मिरच्या वाळत घातलेल्या,
लाल, लांबच लांब.
"आलं?" त्या म्हणाल्या. "खरंच आलं?
मी म्हटलं, म्हणतात नुसते."
आणि पोतं घेऊन चारीत उतरल्या.
पेखळेही उतरले, पँट दुमडून,
ओंजळीनं मिरच्या उचलू लागले,
शिंकत, शिंकत.

"आमच्याकडं कधी फिरेल?" त्यांनी विचारलं.
"परवा दुपारनंतर."
"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं,
"ही मिरची काय भावानं देता?"

पाणी घोट्याला लागलं तेव्हा वही काढली.
सहा वाजून दहा. चारी क्रमांक चौदा. चार इंच.
शेऱ्यात लिहिलं: मिरच्या उचलल्या.
पाटबंधारेच्या साहेबांनी विचारलं
तर सांगावं लागेल बसून.