नाव नंतर कळवू

डिसेंबरात मैदानावर कुणी नसतं.
बर्फाखाली दबलेली असते ती मातीची टेकडी,
सरोवरावरचा वारा रिकाम्या खुर्च्या मोजत फिरतो
आणि मी तळघरात, बॉयलरच्या शेजारी,
चिमटा, उसवायची कात्री
आणि बिस्किटांचा निळा डबा घेऊन बसलेली.

सौदे वर होतात, सातव्या मजल्यावर,
नाहीतर दूर कुठल्या उबदार शहरात,
हॉटेलच्या लिफ्टपाशी, उभ्याउभ्या.
मला कळतं ते मार्विनच्या पावलांवरून.
तीन-चार जर्सी असल्या तर शीळ घालत उतरतो.
एकच असली, तर प्रत्येक पायरीवर थांबतो.

आज एकच.
चौतीस नंबर. व्हिलालोबोस.
नऊ वर्षं.
"कुणाच्या बदल्यात?" मी विचारलं.
"दोन पोरं. एक पिचर, एक शॉर्टस्टॉप.
आणि आणखी एक, ज्याचं नाव नंतर कळवणार आहेत."
असा माणूस असतो खरंच. करारात लिहिलेला असतो.

पोरानं नाव काढलं, असं म्हणतात ना लोक.
मीही नाव काढते.
टाक्यामागून टाका, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत,
दहा अक्षरांची कमान.
पहिल्यांदा शिवलं तेव्हा बी कापताना माझी कात्री घसरली होती.
दुसरा कापते म्हटलं, तर म्हणाला,
राहू द्या, लोरेन, माझी आईसुद्धा तो तसाच काढते.
नऊ वर्षं चाळीस हजार लोकांनी तो वाकडा बी पाहिला
आणि कुणालाच दिसला नाही.

खिळ्यावर ऑस्ट्रँडरची जर्सी आहे.
तो विकलेला नाही, ठेवलेलाही नाही. त्याचा करार संपला.
मोकळा आहे, म्हणतात, कुठेही जायला मोकळा.
छत्तिसाव्या वर्षी, शिवलेल्या कोपराने,
फोन उताणा ठेवून जेवायला बसण्याइतका मोकळा.
वरून निरोप आहे, इतक्यात उसवू नका.
म्हणून लटकली आहे. मी तिच्यावरची धूळ झटकते,
एवढंच माझ्या हातात.

संध्याकाळी माझा दीर टेडी फोन करतो.
त्याचे सौदे तयार असतात:
सेंटर फील्ड देऊन टाका, दोन डावखुरे घ्या,
त्या कॅरोलिनाच्या पोराला पाच वर्षांचे पैसे मोजा,
वरच्यांना अक्कल नाही.
स्वतःची गाडी विकायला त्याला सहा वर्षं लागली.
मी हं हं करते. दातांत सुई असते.
व्हिलालोबोस गेला हे त्याला मी सांगत नाही,
रेडिओ सांगेलच सकाळी.
आज एक रात्र तरी त्याच्या संघात
तिसऱ्या बेसवर कुणीतरी उभं असू दे.

नाव निघतं. भोकं राहतात.
उजेडासमोर धरलं की वाचता येतं,
आणि जिथे अक्षरं होती तिथलं कापड
अजून नव्यासारखं पांढरं,
त्यानं ना ऊन पाहिलं, ना माती.
मार्विन म्हणाला, दोन धुण्यांत जाईल.
जात नाही. मला माहीत आहे, पण मी बोलले नाही.

मग एक कोरी जर्सी इस्त्री करून ठेवली,
नंतर कळवणार त्याच्यासाठी.
असेल एकोणीस-वीस वर्षांचा.
या क्षणी कुठल्यातरी पेट्रोल पंपावर रात्रपाळी करत असेल,
कारण छोट्या संघांत हिवाळ्याचा पगार नसतो.
त्याला ठाऊक नाही की
एका माणसाच्या नऊ वर्षांच्या बदल्यात
तो थोडासा आला आहे.

माप माहीत नाही. मध्यम धरलंय.
नाव लांब असलं तरी चालेल.
डब्यात एल तीन आहेत, ओ दोन,
आणि एक बी,
तो मात्र विचारूनच लावीन.