परिपाठातल्या बातम्या

सुविचार मोनालीकडे, दिनविशेष नववीकडे
आणि बातम्या माझ्याकडे,
कारण माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो
असं बुरघाटे सरांचं मत.

पेपर आमच्या गावात दारव्ह्याच्या एसटीने येतो,
साडेदहाला, तीही आली तर.
आधी शालिकभाऊच्या पानठेल्यावर चार जण वाचतात.
त्यात आलूबोंडे गुंडाळले जायच्या आत
मी पानं मागून आणते.
म्हणून आमच्या आजच्या ठळक बातम्या
नेहमी कालच्या.

एक देशाची, एक राज्याची, एक विज्ञानाची,
मग जिल्ह्याची, शेवटी खेळाची.
मरणाची नको, सर म्हणतात, सकाळी सकाळी.
मग जिल्ह्याची मिळता मिळत नाही.

जुलैत मी वाचलं होतं, निकालात मुलीच पुढे.
टाळ्या झाल्या.
आठवीत आम्ही एकोणीस होतो, दहावीत अकरा.
उरलेल्या आठ जणी कुठल्या पानावर आहेत
हे मी तेव्हा विचारलं नाही.

मग एका मंगळवारी, पान चार, अगदी तळाला,
बोअरवेलच्या जाहिरातीला चिकटून सात ओळी:
बालविवाह रोखला. प्रशासनाची तत्परता.
मुलीचे नाव गुप्त ठेवण्यात आले आहे.
इतकं गुप्त
की चक्कीवर दळणाच्या आधी तेच दळून झालं होतं.

एका जागरूक नागरिकाने माहिती दिली, असंही होतं त्यात.
जागरूक नागरिकाचं वय पंधरा वर्षं चार महिने.
मोबाइल आईचा, बॅलन्स संपलेला,
पण तो नंबर फुकट लागतो,
आमच्या शौचालयाच्या भिंतीवर रंगवलाय,
शेवटचा आठ पोपडे धरून निघत आलेला.
मी शेळी सोडायला म्हणून नाल्याकडे गेले
आणि बाभळीखाली उभी राहून
तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, हळदीचा वार
हळू आवाजात सांगितलं.
मला हळू बोलता येतं, हे तेव्हा कळलं.

जीप आली. मांडव उतरला. जीप गेली.
पेपरातला पूर्णविराम इथे आहे.

त्याच्यापुढे ती मामाकडे, वाशीमच्या पलीकडे,
कापूस वेचते म्हणे, किलोवर.
तिचे वडील अठराव्या वाढदिवसाची तारीख
कॅलेंडरवर गोल करून बसलेत.
आधी त्यांना तिचा वाढदिवस माहीत नव्हता.

हापशीवर तिच्या आईने माझी गुंडी भरू लागली
अन् विचारलं,
“कोनं केला असन वं तो फोन?
तुले ठाऊक असन, तू तं पेपर वाचतं.”
मी म्हटलं, “पेपरात नाव नाई काकू.”
हे खरं होतं.
त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मी केलं ते बरोबर,
नागरिकशास्त्रात ते दोन मार्कांना येतं.
पुढचं कोणाला येतं, कोणाला विचारू?

बुधवारी सर खुश होते. ही घे, म्हणाले,
चांगली बातमी आहे, तालुक्याचं नाव आलं.
मी वाचली.
मागून कोणीतरी ओरडलं, आयकू नाई येऊन रायलं.
“मोठ्यानं,” सर म्हणाले.
मी परत वाचली, मोठ्यानं,
प्रशासनाची तत्परता,
आणि रांगेत माझ्या पुढची जागा
तिच्या उंचीएवढी रिकामी होती.

काल एसटी आलीच नाही.
पेपर नाही तर बातम्या राहू दे आज, सर म्हणाले.
तरी मी पुढे गेले.
हातात कागद नव्हता, हातांचं काय करावं समजेना,
ते मी मागे बांधले.

जिल्ह्याची बातमी, मी म्हटलं.
दहावी, हजेरी क्रमांक एकवीस,
आज एकोणिसावा दिवस गैरहजर.

लिंबावरचा एक कावळा उडाला, एवढंच.
सरांनी हजेरीपट उघडला, मिटला,
पुन्हा उघडला,
आणि म्हणाले,
हं. पुढची. खेळाची.