सूर्यास्ताचा रकाना

पाच गोष्टी बरोबर, इंचनाळकर सिस्टर शिकवायच्या
एकेक बोट दुमडत:
रोगी, औषध, मात्रा, वाट, वेळ.
करंगळी दुमडली की मूठ होते,
मूठ झाली की माणूस निर्धास्त होतो.
मीही झाले.

खाट अकरा. तवनाप्पा गाट, मुक्काम हुपरी,
वय एकाहत्तर, वजन चोपन्न,
अ‍ॅलर्जी नाही.
अंगठ्याला जखम, साखर तीनशेच्या वर.
कागदावर: रात्री आठ, जेवणाआधी, चौदा युनिट.
मनगटावरची पट्टी वाचली. नाव विचारलं,
त्यांनी बापाच्या नावासकट सांगितलं.
बाटली तळहातांत फिरवली, पांढरट झाली,
सिरिंज दिव्याकडे धरून बुडबुडा काढला.
म्हातारा सुईकडे नाही, आकड्याकडे बघत होता.
"चौदा," म्हणाला. "बराब्बर."
पन्नास वर्षं पैंजणांना झाळ दिलेला माणूस,
रवाभर चांदी इकडची तिकडं झाली
तर काट्यापुढून न उठणारा.

सव्वाएकला खाट बारावरचा पोरगा ओरडला,
"सिस्टर, आजोबा भिजल्यात!"
उशी ओली, बंडी ओली,
डोळे उघडे, पण कुठंतरी लांब.
बोटातून थेंब काढला. एकेचाळीस.
साखरेचं पाणी ढवळून ओठांना लावलं,
आणि ज्याला त्या घडीला स्वतःचं गाव आठवत नव्हतं
त्या माणसानं तोंड घट्ट मिटलं.
"न्हाई. उजाडू दे."

मग शिरेतून दिलं.
आधी डोळे परत आले, मग गाव, मग नाव.
"जेवला नव्हता?"
"जेवलोय की. साडेपाचला. पद्माक्कानं डबा आणलावता.
दिवस मावळल्यावर पाणीबी न्हाई, चाळीस वरसं झाली."
"मग सुई घेताना बोलला का नाही?"
"तुमी इचारलं न्हाई.
मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

साडेआठला आलेलं ताट
झाकणासकट परत गेलं होतं.
कुणीतरी नेलं असणार.

पहाटे चुकांच्या वहीत लिहिलं.
काय घडलं, किती वाजता, कोणाच्या हातून.
शेवटच्या रकान्यात पेन जरा अडलं.
डॉक्टर हणबर रागावले नाहीत, तेच जड गेलं.
त्यांनी केसपेपर उलटापालटा करून बघितला.
वजनाला जागा होती, रक्तगटाला होती,
धर्मालासुद्धा होती,
आणि तिथं स्वच्छ अक्षरात, माझ्याच,
लिहिलेलं होतं: जैन.

आठ खोडलं. चौदाही खोडलं.
मधल्या भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं,
ते काढून आणून ट्रॉलीच्या दांडीला बांधलं.
बागवानभाई फार्मसीतून वर आले, हसले,
"आता औषधाला मुहूर्त बघणार काय?"
मग त्यांनीच चष्मा लावून वाचलं:
सूर्यास्त, सहाला दोन कमी.

चार दिवसांनी माझी दुपारपाळी.
पाच वाजले, सव्वापाच झाले.
हुपरीची गाडी उचगावजवळ
उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेली.
बाटली बाहेर काढली नाही.
तवनाप्पा खिडकीकडे बघत होते, मी जिन्याकडे.
पाच पंचवीसला पद्माक्का धापा टाकत आल्या,
डब्याचं झाकण उघडलं,
भाकरी, मुगाची आमटी, वाफ अजून जिवंत.
मग सुई भरली.
"किती?" त्यांनी विचारलं.
"दहा."
त्यांनी हात पुढं केला नाही.
"चौदाचं दहा का, ते आदी सांगा."
सांगितलं. उभ्यानं, सगळं.
ऐकून झाल्यावर बाही वर केली.

आठला रात्रपाळीची नवी पोरगी आली.
लाल शाईत समासात लिहिलेलं वाचलं:
खाट अकरा, सूर्यास्त बघणे.
"सिस्टर, हे काय?"
पर्स खांद्यावर घेतली होती मी,
ती खाली ठेवली.