एक घोडा कमी

डाव मांडला, आणि पहिल्या चालीआधी
पंचांनी यंत्राचा वजिराकडचा घोडा उचलून
माझ्या हातात दिला.
ठेव म्हणाले, हरवू नकोस.

टिळकवाडीतलं लग्नाचं कार्यालय. जानेवारी.
भिंतीवर आदल्या दिवशीच्या नवरानवरीची थर्माकोलची नावं,
त्याचं कन्नडात, तिचं मराठीत,
मधला बाण निखळलेला.
ग्रँडमास्टर कल्लाप्पा किणेकरांना
नवरदेवाची लाल मखमली खुर्ची,
मला प्लास्टिकची.
यंत्र टेबलाखाली, वायरींत,
थंडीत कुत्रं पाय पोटाशी घेतं तसं.

मी यंत्राचा हात.
पडद्यावर चाल येते, मी ती पटावर करते, घड्याळ दाबते.
वडगावात मागावर वाढले मी,
दुसऱ्याच्या नक्षीला हात देणं मला येतं.
धोटा इकडून तिकडं. विचारायचं नाही
मोर होणार की नुसता काठ.

आमच्या गल्लीत धाकट्यांना असंच खेळवायचो.
बाद झाला तरी बाद नाही. लिंबूटिंबू.
तो खूश, आम्ही उदार.
पण हा माणूस एक्केचाळीस वर्षांचा.
याच्या अभिनंदनाचा फलक स्टेशनसमोर लागलेला,
आधी कन्नडात, मग मराठीत,
मग उन्हानं नुसता पांढरा.

पहिला डाव ते किराणा दुकानदारासारखे खेळले.
उंटाला उंट. हत्तीला हत्ती. वजीर द्या, वजीर घ्या.
पट रिकामा होत गेला
तशी ती एका घोड्याची श्रीमंती
वाढत वाढत पटभर झाली.
पडद्यावर उणे तीन. उणे पाच. उणे नऊ.
यंत्राला त्याची लाज नाही,
आकडा दाखवतं आणि त्यातली त्यात चिवट चाल सांगतं.
बावन्नाव्या चालीला, नियमाप्रमाणे,
मी राजा आडवा केला.

टाळ्या. शाल, नारळ, कुंद्याचा डबा.
मागून कुणीतरी ओरडलं, गेद्रू री!
किणेकर शालीची घडी करत राहिले.
चार पदरी. आठ पदरी. मग ती होईना.

लोक जेवायला पांगले.
"तो घोडा हाय का तुझ्याकडं?"
मूठ उघडली. घामानं ओला,
त्याचा कान माझ्या तळव्यावर उमटलेला.
"मांड की."
"सर, पंच..."
"पंच जेवालेत."

मांडला. सोळाला सोळा.
आता मघासारखं देणंघेणं नाही.
घोडा अडीच घरं, अडीच घरं करत
त्यांच्या अंगणात येऊन बसला
आणि उठवता उठेना,
चहा झाला, पान झालं तरी न हलणाऱ्या पाव्हण्यासारखा.
एकोणिसाव्या चालीला त्यांना कळलं होतं.
मला नव्हतं. मला नुसते त्यांचे ओठ दिसत होते:
"बरं हाय... हां... बरं हाय,"
ताटात गरम भाकरी पडताना माणूस म्हणतो तसं.
मखमली खुर्ची त्यांनी कधी मागं सारली
मी पाहिलं नाही. ते उभे होते.

अठ्ठाविसाव्याला वीज गेली.
टेबलाखाली बॅटरी टीं टीं करू लागली.
"चाल सांगतंय का अजून?"
"सांगतंय, सर."
"मग कर की."
मोबाइल तोंडात धरून, त्याच्या उजेडात,
मी त्यांच्या राजाकडं जायच्या वाटा
एकेक करून बंद केल्या.
एकतिसाव्याला मात.
हात मिळवायला त्यांनी पुढं केला, तो माझ्याकडंच.
दुसऱ्या कुणाकडं करणार.
"लिहू नको हे," म्हणाले. मी लिहिलं नाही.

सोंगट्या डब्यात भरल्या. बत्तीसच्या बत्तीस.
बाहेर आले तर ते जिन्यावरच,
एका पायात चप्पल, दुसरी शोधत,
पण डोळे खाली नाहीत:
अंधारात एक बोट
सतराव्या चालीतलं प्यादं मागं घेत होतं,
पुन्हा पुढं,
पुन्हा मागं.